उन्हाकडे तोंड करून

“चांगे गोऽऽ, उनान नको ऱ्हाऊ! सावलीन ये!”

ती हाक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दुपार भर डोक्यावर होती आणि शिळखारच्या मिठागरांवर नजर ठरत नव्हती. खाली पांढरं मीठ, वर पांढरं आभाळ, आणि मधे चिमटीत धरल्यासारखं ते एकटं कौलारू घर. पडवीत खाटेवर एक म्हातारी बसली होती. वाळलेल्या शेंगेसारखी. पण आवाज म्हातारीचा नव्हता. लांब बांधावर गेलेल्या पोरीला जेवायला बोलावणाऱ्या तरण्या आईचा आवाज होता तो. भरलेला, वर चढत जाणारा, शेवटी हिंदकळणारा.

मी वळून अंगणात बघितलं. अंगणात चांगी नावाचं कोणी नव्हतं. बायजामावशी तेवढ्या उभ्या होत्या. वाळत घातलेल्या कोलंबीच्या सोड्यांवरून हात फिरवत होत्या, डोकं उघडं टाकून.

“ऐकलंस?” त्या मान न वळवता म्हणाल्या. “रोजचं हाय. ऊन डोक्यावर आलं का चालू होते.”

“चांगी कोण?”

“भैन. आमी जुल्या.” एक सोडा उचलून त्यांनी वास घेतला, परत ठेवला. “मेली ती. हलद लागलेली होती, तवाच.”

म्हातारीनं पुन्हा हाक घातली. तिची नजर अंगणातच होती, बायजामावशींच्या दिशेनं. त्यांच्या पाठीमागे कोणी येऊन उभं राहिलं असावं तशी ती बघत होती. मीही पाठीमागे बघितलं. मीठ होतं. लांबवर मीठच मीठ, आणि त्यावर थरथरणारी हवा.

मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते.

उरणात तेव्हा माझं पार्लर नवं होतं. त्याआधी काही वर्षं मी पनवेलला त्वचेच्या एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली होते. डाग कोणता साधा, कोणता डॉक्टरांना दाखवायचा, वांग कशानं वाढतं, ऊन कातडीच्या किती आत उतरतं, हे मी त्यांच्याजवळ शिकले. पार्लरात माझ्याकडे यायच्या त्या नवऱ्यामुली आणि त्यांच्या हौशी मावश्या. मिठागरावरची बाई कधी पायरी चढली नव्हती.

बायजामावशी आल्या त्या दिवशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिल्या. आरशाकडे पाठ करून. खुर्चीत एक नवरीमुलगी होती, भारी तोंडाळ.

“काय गो मावशे,” तिनं आरशातूनच विचारलं, “तुजं पन लगीन ठरलं का काय?”

“ठरलं ना.”

“अगो बाय! कुनाशी?”

“तुजे बापसाशी. आजपासून आय म्हन मना.”

पार्लर हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. बायजामावशी नाही हसल्या. नवरीमुलगी गेल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडली, आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. जुन्या स्टुडिओतला फोटो. मागे रंगवलेल्या माडांच्या झावळ्या, पुढे मिटलेली छत्री धरून उभी असलेली एक गोरीपान मुलगी. डोळे मोठे. भुवया जरा उचललेल्या, कोणीतरी नुकतीच तिला हाक मारल्यासारख्या.

“अशी कर मना,” त्या म्हणाल्या.

मी फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. खुर्चीत बसवून दिव्याखाली त्यांचं तोंड नीट पाहिलं. गालांवर वांगाचे काळे ढग. कानशिलांवर उन्हाचे डाग, सांडलेल्या चहासारखे. आणि सगळ्या तोंडभर बारीक बारीक रेषा, पाणी आटल्यावर मिठागराच्या तळाला पडतात तशा. पण मला खटकलं ते वेगळंच.

मिठागरावरच्या बायका डोक्याला फडकं बांधतात. कपाळ झाकतात, हनुवटीपर्यंत ओढून घेतात, डोळे तेवढे बाहेर. त्यांच्या कपाळाचा वरचा भाग उजळ राहतो. डोळे सारखे किलकिले करून डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या घडीत एक पांढरी रेघ उरते. तिथे ऊन शिरतच नाही. बायजामावशींच्या तोंडावर ना फडक्याची खूण, ना ती पांढरी रेघ. हनुवटीच्या खालीसुद्धा ऊन पोचलेलं होतं. पापण्यांवर होतं.

हे चुकून लागलेलं ऊन नव्हतं. ही बाई उन्हाकडे तोंड करून उभी राहिली होती. डोळे मिटून. वर्षानुवर्षं.

“मावशी, तुम्ही फडकं बांधत नाही?”

“नाय.”

“का?”

“तू ऊन काढतंस का नाय, तेवढं बोल.”

मी त्यांना खरं ते सांगितलं. वय काढता येत नाही. डाग फिके होतील, रंग सारखा होईल, रेषा थोड्या नरमतील; पण महिनोन्‌महिने लागतील, आणि एक दिवस उघड्या तोंडानं उन्हात गेलात तर केलेलं सगळं पाण्यात. त्यांनी मान हलवली.

“फोटोतली मुलगी कोण?”

“आयला ती दाखवायची हाय मना. आय माझे हातचं खाईत नाय आता. बोलते, चांगी भरवील तवाच खाईन. पेज नि दूध तेवढं पिते. असं किती दिवस काढील ती?” त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. “आमचं तोंड एकच होतं. फकस्त उनाचा फरक.”

“म्हणजे आईला फसवायचंय तुम्हाला?”

त्यांनी फोटो परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. सावकाश, पान दुमडावं तसा.

“आधी घरी ये,” त्या म्हणाल्या. “आयला बघ. मग नाय बोल.”

म्हणून मी गेले होते.

त्या दिवशी पडवीत बसून बायजामावशींनी मला सांगितलं ते एवढंच. त्यांची आई गोमाआजी, पंचक्रोशीतली धवलारीण. लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. तिच्या गळ्यावाचून कुणाच्या मांडवाला शोभा यायची नाही. दोघी मुलींत चांगी उजळ म्हणून तिला चांगल्या घरचं स्थळ आलं. त्या घरानं बजावलं, पोर गोरी ऱ्हाऊदे. बायजी मिठागरावर मीठ वाहायला गेली. चांगी घरात राहिली. वर्षभर. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागली. हळद लागलेली मुलगी उंबरा ओलांडत नाही, तिच्यावर सगळ्यांची नजर असते; माणसांची, आणि माणसं नसलेल्यांचीही. पण चांगीनं भर दुपारी उंबरा ओलांडला. उधाणाची भरती होती. बांधाला खांड पडली, बांध फुटून खाडी आत घुसली. पाणी उतरलं तेव्हा चांगी सापडली.

“अंगावरची हलद तशीच होती,” बायजामावशी म्हणाल्या. “पान्यान पन गेली नाय.”

“पण ती बाहेर का गेली?”

“मना काय ठावं.” त्या उठून आत गेल्या.

मी म्हातारीजवळ सरकले. तिनं माझा हात धरला. बोटं थंडगार होती, त्या उन्हाळ्यात. ती हलक्या आवाजात काही म्हणत होती. मी कान लावला. धवला होता.

हलद गो लागली, नको उंबरा वलांडू
उनाचे पोराशी, नको सावली गो भांडू

“बायजी बोलली का तुना,” ती मधेच थांबून कुजबुजली, “का आयनं त्या दिसापासून मांडवान गानं सोडलं?”

“नाही, आजी.”

“बोलायची नाय ती. ती काय बोलतच नाय.” आणि मान उचलून तिनं पुन्हा अंगणाकडे हाक घातली, त्या दुसऱ्या, तरण्या आवाजात.

मी बायजामावशींना हो म्हटलं. म्हातारीसाठी म्हटलं की त्या फोटोतल्या मुलीसाठी, ते मला तेव्हा कळलं नाही.

काम सुरू झालं. आधी पनवेलला नेऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. एका डागावर त्यांनी भिंग धरलं, साधाच आहे म्हणाल्या, रात्री लावायला मलम दिलं. माझ्याकडे जे होतं ते साधं होतं. उन्हाचं क्रीम, कोरफडीचा गर, हलक्या हाताची मालिश, आणि फडकं. फडकं बांधायला मी त्यांना शिकवलं. मिठागरावर आयुष्य काढलेल्या बाईला मी फडकं बांधायला शिकवत होते. पहिल्या दिवशी त्यांची बोटं गाठीशी अडखळली.

“गुदमरल्यासारखं होते गो.”

“सवय होईल.”

“सवयच तर मोडतंय,” त्या म्हणाल्या.

पावसाळा संपला, थंडी आली. आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी वर येऊ लागलं. मी अनेकींचे डाग फिके होताना बघितले होते. तिथे डाग जातो आणि बाई तीच उरते. इथे डाग जात होते आणि बाई बदलत होती. आधी कपाळ आलं. मग एक गाल, दुसऱ्याच्या आधी. काही दिवस तर त्यांचं तोंड अर्धं एकीचं आणि अर्धं दुसरीचं होतं. मी उजवीकडून बोलले की बायजामावशी उत्तर द्यायच्या. डावीकडे गेले की उचललेल्या भुवईखालून कोणीतरी माझ्याकडे बघायचं, आणि मी बोलायचं विसरायचे.

त्याच सुमाराला पार्लरात हळदीचा वास येऊ लागला. ओल्या हळदीचा, नुकत्या वाटलेल्या. मी त्यांना हळद कधी लावली नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या मलमाबरोबर मला घरगुती काही नको होतं. मी कपाट उघडून बघितलं, टॉवेल हुंगले. वास त्या आल्या की यायचा आणि त्या गेल्यावर खुर्चीत उरायचा. कामाला असलेली शैला एकदा म्हणाली, “ताई, ही खुर्ची मी पुसणार नाही हं.” का विचारलं तर झाडू उचलून बाहेर गेली.

एके दिवशी मी त्यांच्या नकळत खुर्ची आरशाकडे वळवली. इतके महिने त्या पाठ करूनच बसत होत्या. घरातही त्यांच्या आरसा नव्हता. त्यांनी डोळे उघडले. समोर बघितलं. मला वाटलं दचकतील. पण त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि मग अगदी हळू, वाट बघून बघून आलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या.

“आलीस?”

मी खुर्ची परत फिरवली.

त्या दिवशी परत जाताना त्यांनी फडकं सैल बांधलं असावं. मासळीबाजारापाशी ते सुटलं. समोरून शिळखारचा म्हातारा ढवळ्या तांडेल येत होता. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, डोळे विस्फारले, हातातली पिशवी टाकली आणि रस्त्यात खाली बसला.

“गोमीची चांगी,” तो म्हणत राहिला. “हलदीची चांगी. मना न्यावाला आली.”

कोळणी हसल्या. “उठ रे तांडेला, तुना न्यायला यम पन येईत नाय, चांगी कशाला येते!” पण हसता हसता त्यांनीही बायजामावशींकडे बघितलं, आणि जुन्या जाणत्या दोघीतिघी होत्या त्यांचं हसू तोंडातच राहिलं. त्यातल्या एकीनं पदर डोक्यावर ओढला. दुसरीनं टोपलीतला कोयता उचलून मांडीवर ठेवला, लोखंड जवळ असावं म्हणून.

ती गोष्ट ऐकून मी बायजामावशींना म्हटलं, “आता पुरे. इथेच थांबू आपण. मला भीती वाटते.”

“कशाची?”

“मी कुणाला आणतेय, ते मला कळत नाही.”

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. हात अजून मिठागराचाच होता, खरखरीत.

“ह्या तोंडानं मना एकदाच बोलायचं हाय, निर्मल. एकदा. मग ऱ्हाऊदे नायतर जाऊदे.”

म्हातारी उतरत चालली होती. आता पेजेचं पाणीही एखादाच घोट. हाका मात्र थांबल्या नव्हत्या. दुपार झाली की खाटेवर उठून बसायची, कुठून बळ आणायची कोण जाणे. मधूनच धवला, पुढची ओळ.

ऊन गो बोलं, माझी द्या मना नवरी
सावली बोलं, हाय अजून कवली

मग एक सकाळ अशी आली की शिळखारचा रिक्षावाला माझ्या दारात निरोप घेऊन उभा. बायजामावशींनी बोलावलंय. हळद घेऊन ये.

मी गेले. वारा पडलेला होता. मिठाच्या राशींवर झावळ्यांची झापं टाकलेली, माणूस कुठे दिसत नव्हतं. बायजामावशी आतल्या खोलीत पाटावर बसल्या होत्या. हिरवं लुगडं नेसून, केस मोकळे. त्या खोलीची एकुलती एक खिडकी गोणपाटानं झाकलेली होती. गोणपाट इतका जुना की त्याचा धागा धागा काळा पडलेला.

“लाव,” त्या म्हणाल्या.

मी हळद लावली. कपाळावर, गालांवर, हनुवटीखाली. रेषा होत्याच, बारीक, जाळीसारख्या. मी सांगितलं होतं, वय जात नाही म्हणून. पण हळद त्या रेषांत उतरली आणि वरून तोंड एकसारखं झालं. अंधुक उजेडात मी मागे सरकले. पाटावर फोटोतली मुलगी बसली होती. छत्री तेवढी नव्हती.

बाहेर पडवीत हाक उठली.

“चांगे गोऽऽ...”

बायजामावशी उठल्या. वाटीत मऊ भात होता, तो घेतला. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. पाय उचलेना. मी मागून बघत होते. मग त्यांनी उंबरा ओलांडला आणि खाटेसमोर जाऊन बसल्या.

म्हातारीनं बघितलं. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा, तरी ती खूप वेळ बघत राहिली. मी दारातच उभी होते. मला वाटलं, ती आता हसेल, पोरीला पोटाशी घेईल, घास खाईल, आणि त्यातच जाईल. खोटं असलं तरी एक घास पोटात जाईल.

“आय,” बायजामावशी म्हणाल्या. “मी आले.”

म्हातारीनं वाटीकडे बघितलं. तोंड उघडलं नाही.

“आय, मी चांगी.”

म्हातारी वाट बघत होती. अजून काहीतरी यायचं आहे हे ठाऊक असल्यासारखी.

बायजामावशींनी वाटी खाली ठेवली. मी त्यांना मदत करायला पुढे होणार होते, तेवढ्यात त्यांचा आवाज फुटला. तो मी कधी ऐकला नव्हता. कोवळा होता.

“खरीच चांगी, आय. सोंग नाय. तवा गेली ती बायजी.”

मी दाराची चौकट धरली.

“वरीसभर मना तिकडं कोंडलेली तुमी. खिडकीला गोनपाट. मना ऊन बघायचं होतं, आय. दुसरं काय नाय. लग्न होऊन गेले असते तर परत परक्याचे घरान, परत सावलीन. बायजीला बोलले, तुजी एक दुपार दे मना. ती हसली. बोलली, उनान काय हाय गो येडे, घाम हाय. पन दिली. माझी हलद तिनं तिचे तोंडाला लावली, पदर वढून पाटावर बसली. मी तिचं लुगडं नेसले, मिठागराचा चिखल तोंडाला, हाताला फासला, वरून फडकं. कुनी वलखलं नाय. तू पन नाय.”

म्हातारीचा हात खाटेवर हलला.

“परलीकडचे बांधावर जाऊन उतानी पडले. फडकं सोडून. डोले मिटून. आय, ते ऊन काय सांगू तुना! मना झोप लागली. भरती कवा आली कललं नाय. मना शोधाया ती हलदीची धावत आली, मधले बांधावरून. नि बांध गेला. मी ह्या अंगाला, ती त्या अंगाला. एक पिवला हात बघला मी पान्यान. मग ते पन नाय.”

अंगणातलं ऊन पडवीच्या काठाशी येऊन थांबलं होतं.

“तू धावत आलीस. मना पोटाशी धरलंस नि बोललीस, ‘बायजे, तू तरी वाचलीस गो.’ मी व्हय बोलले. तेवढंच बोलले. मग परत कंदी तोंड उघडता आलं नाय. चिखल धुतला असता तर गोरं तोंड निघालं असतं. म्हनून दुसरे दिसापासून उनाकडं तोंड करून उबी ऱ्हायले, कातडी निघोस्तवर. लोक बोलले, भैनीचे दुखानं येडी झाली. तिचं नाव मी उनान वालवलं, आय. तिचं तोंड करून ऱ्हायले. ती जगली असती तेवढी मी तिची जगले.”

हळद ओली झाली होती. दोन पिवळे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते.

म्हातारी पुढे वाकली. मला वाटलं कोसळते. पण तिनं दोन्ही हातांनी बायजामावशींचं, म्हणजे चांगीचं तोंड धरलं आणि अंगठ्यांनी डोळ्यांखालच्या रेषा चाचपल्या, एकेक, जपून, लिपी वाचावी तशा.

“बोललीस,” ती म्हणाली. “एकदाची बोललीस गो माझे बाय.”

“आय?”

“तिला न्हानीन मीच धुतली. दुसरे कुनाला हात लावू नाय दिला. तोंडाची हलद निघत नव्हती म्हनून पाय आधी धुतले. टाचा फुटलेल्या. तलवे मिठानं खाल्लेले. वरीसभर घरान बसले पोरीचे पाय असे असतात?” आवाज पुन्हा म्हातारीचा झाला होता, तुटका, धापणारा. “तवाच कललं मना, कुनाला जालते नि कोन चुलीमागं बसून ऱ्हायलंय.”

“नि तू बोलली नाय?”

“काय बोलू? गावाला सांगू, हलद अंगावर घेऊन माझी पोर उनान हिंडली नि भैन खाल्ली तिनं? हडल बोलले असते तुना. दगड मारले असते. बायजीचे नावानं तरी जगशील म्हनून गप ऱ्हायले. मना वाटलं, सुतक फिटलं का येशील, कुशीत शिरशील, बोलशील. तू आपली उनान जाऊन उबी. मी पडवीन बसून बघते. गानं काय गाऊ मग?” तिनं दम घेतला. “आता मना जायचं हाय. जाताना कुनाचे हातचं खाते ते मना ठावं नको?”

तिनं तोंड उघडलं. लहान मुलासारखं. चांगीमावशींनी वाटी उचलली. पहिला घास अर्धा सांडला, अर्धा गेला. म्हातारीनं तो सावकाश चावला, दात नसलेल्या हिरड्यांनी, आणि गिळला.

“आय,” चांगीमावशींनी घास हातात धरूनच विचारलं, “तुना सगलं ठावं होतं, मग रोज दुपारची मेलेलीला का हाक मारत होतीस गो?”

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं. डोळे निवलेले होते.

“मेलेल्याला कोन सावलीन बोलावते?” ती म्हणाली. “मी तुनाच हाक मारत होते.”